हृदयाच्या चित्रातील छाया

काशीच्या ब्रह्माघाटाला मराठी माणूस परका नाही. अठराव्या शतकात पेशव्यांना पूज्य असलेले नारायण दीक्षित काशीस येऊन राहिले, आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतून मराठी बोल ऐकू येऊ लागले. तेथे स्नान आटोपून वर यावयाचे म्हणजे उभ्या पायऱ्या चढणे आले. सपाटीवर सुखाने चालणारा एखादा वृद्ध निम्म्या वाटेवर छातीला हात लावून थांबतो. विसावला की कळ ओसरते. श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला अधिक रक्त लागते आणि अरुंद झालेली धमनी ते पुरवू शकत नाही. पायऱ्यांनी ओळखलेली ही उणीव चित्रात पकडावी, असा वैद्यकाचा यत्न आहे.

त्याचा आरंभ बॉस्टनमध्ये झाला. १९२० नंतरच्या दशकात हर्मन ब्लूमगार्ट यांनी एका दंडात किरणोत्सारी द्रव्य टोचले आणि ते दुसऱ्या दंडापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ मोजला. भारतात १९५६ साली तुर्भ्याची 'अप्सरा' अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६३ साली मुंबईत परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. पुढे थॅलियम आले, मागाहून टेक्नेशियमची संयुगे आली. टेक्नेशियमचे अर्धायुष्य अवघे ६ तासांचे. पण त्याचे जनक मॉलिब्डेनम ६६ तास टिकते, म्हणून रुग्णालयात ते रोज ताजे काढून घेता येते. श्रमानंतरचे एक आणि विश्रांतीचे एक अशी दोन चित्रे शेजारी ठेवावयाची. श्रमात फिके आणि विश्रांतीत पूर्ववत दिसणारा भाग रक्ताला आसुसलेला समजावयाचा.

पण चित्रही फसवते. हृदयातून निघालेले किरण शरीरातून बाहेर पडताना वाटेत क्षीण होतात. पुरुषांत श्वासपटलामुळे हृदयाची खालची भिंत फिकी दिसते, स्त्रियांत स्तनांमुळे पुढची. निरोगी माणसाच्या माथी रोग मारला जावा आणि त्याच्या धमनीत विनाकारण नळी घातली जावी, ही काही लहानसहान चूक नव्हे. तिच्यावर एक उपाय अगदी साधा निघाला: रुग्णाला पालथे निजवून पुन्हा चित्र घेणे. दुसरा अधिक चतुर. हृदयाच्या विद्युत्-आलेखाशी कॅमेऱ्याची सांगड घालून प्रत्येक ठोक्याचे ८ किंवा १६ भाग पाडतात. फिकी दिसणारी भिंत आकुंचनात जाड होत असेल, तर तेथे व्रण नाही. ती केवळ छाया. अलीकडे सीटी स्कॅनने शरीराच्या घनतेचा नकाशा काढून किरणांची तूट गणिताने भरून काढतात.

याच्या उलट चूक अधिक घातक. ही चित्रे एका भागाची तुलना दुसऱ्या भागाशी करतात. तिन्ही प्रमुख धमन्या सारख्याच अरुंद झाल्या, तर सर्वत्र सारखेच कमी रक्त पोहोचते आणि चित्र निर्दोष भासू शकते. तेथे पेट तंत्राने, रुबिडियमसारख्या अल्पायुषी द्रव्याच्या साहाय्याने, स्नायूच्या प्रत्येक ग्रॅमला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळते हेच मोजतात. मग रुग्णाच्या हृदयाची तुलना त्याच्याच दुसऱ्या भागाशी न राहता निरोगी हृदयाशी होते.