उष्टावणाचे महिने

नोएडात नाचणी मागितली की दुकानदार गोंधळतात. शेवटी एका गढवाली दुकानात ती ‘मंडुआ’ म्हणून मिळाली. आईने फोनवर सांगितलं तशी भिजवली, मोड आणले, वाळवून दळली, वस्त्रगाळ केली. मोड आल्यावर दाण्यातली विकरं पिष्ट फोडतात. म्हणून लापशी पातळ राहते आणि तिच्यात जास्त पीठ मावतं. आजीला हे हाताने ठाऊक होतं.

आई मात्र ओशाळून म्हणाली, “तुला मी चौथ्या महिन्यातच डब्यातलं भरवलं गं.”

माझा जन्म १९९३चा. त्याआधीच्या वर्षी झालेल्या शिशुआहार कायद्यातही पूरक अन्नाची मर्यादा चार महिन्यांचीच होती. २००१मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस केली. २००३च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही सहा महिने आले आणि दोन वर्षांपर्यंतच्या शिशुआहाराच्या जाहिरातींवर बंदी आली. गृह्यसूत्रांत अन्नप्राशन सहाव्या महिन्यातच सांगितलं आहे.

“आई, तेव्हा कायदाही चारच महिने म्हणत होता,” मी म्हटलं.

सहा महिने पुरे झाल्यावर लेकीचं उष्टावण केलं. मूगडाळ-तांदळाच्या खिमटाचा पहिला घास आईनेच भरवला.