पटावरची इंग्रजी

खानदेशांत इंग्रजी आली ती कचेरीच्या वाटेनें. १८१८ सालीं हा मुलूख कंपनी सरकारच्या ताब्यांत गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं धुळ्यास कारभाराचें ठाणें केलें, आणि अर्ज, हुकूम, दाखले यांच्याबरोबर नवी भाषा दप्तरांत येऊन बसली. पुढें शाळा निघाल्या. पण शाळेंतील इंग्रजीहि त्या दप्तराचीच धाकटी बहीण होती. व्याकरणाचे नियम पाठ करावे, मराठी उताऱ्याचें भाषांतर करावें आणि परीक्षा उतरून जावें, एवढाच तिचा संसार. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठाणीं झालीं. तोंवर इंग्रजी लिहिणारांची पिढी तयार झाली होती. इंग्रजी बोलणें ही मात्र निराळी गोष्ट होती. भुसावळास आगगाडीची मोठी वसाहत उभी राहिली, तेव्हां सिग्नल, गार्ड, पॉइंट हे शब्द निरक्षर मजुराच्याहि तोंडीं सहज बसले. कारण तेथें शब्द आणि काम हीं बरोबरच भेटत.

शाळेंतल्या मुलाला हा लाभ नव्हता, आणि खानदेशांत तर त्याची अडचण दुहेरी होती. पुष्कळ घरांत बोलणें अहिराणींत चाले; रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशीं भिली आणि पावरी. अशा घरच्या मुलास शाळेंतील ग्रांथिक मराठीच आधीं परकी वाटे. इंग्रजी तिच्याहि पलीकडची. त्यामुळें एका परक्या भाषेचा अर्थ त्याला दुसऱ्या अर्ध्या परक्या भाषेंतून लावावा लागे. दोहोंकडे चुकण्याची धास्ती असे, आणि ज्याला चुकण्याची धास्ती तो तोंड उघडीत नाहीं.

चुकलें तरी हंसण्यावारी जाईल अशी जागा घरांत एकच असते, ती खेळाची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशांत लेकी माहेरीं येतात, झोके बांधले जातात, गौराईचीं गाणीं होतात आणि पुरुषमंडळींत पत्त्यांचे डाव रंगतात. खेळांत मुकें राहून भागत नाहीं. दान मोजावें लागतें, आपली पाळी मागावी लागते, लबाडी उघडी करावी लागते आणि हरलेल्याची समजूतहि घालावी लागते. संभाषणाचे बहुतेक प्रकार एका डावांत येऊन जातात.

दोन निराळ्या भाषांचीं माणसें पटावर भेटतात, याचा जुना दाखला मुंबईचा आहे. १८१४ सालीं तेथें त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें बुद्धिबळावरील पुस्तक प्रसिद्ध झालें. मूळ ग्रंथ संस्कृतांतला, छापलेलें भाषांतर इंग्रजी आणि डाव युरोपीय पद्धतीचे! बुद्धिबळाच्या पटावर भाषांतराची फजितीहि चांगली दिसते. आपला वजीर तेथें क्वीन म्हणजे राणी होतो, उंट बिशप म्हणजे धर्मगुरु होतो, हत्तीला रूक म्हणतात. कोश उघडून उंटाचा इंग्रजी शब्द शोधणारा येथें हमखास फसावयाचा. पण तिरपें चालणारें मोहरें बोटांत धरून ‘बिशप’ म्हणणाऱ्यास कोश लागत नाहीं. शब्दाचा अर्थ त्याला चालीनेंच कळतो.

पुढें आपले पट विलायतेस गेले. पंचवीस या दानावरून नांव पडलेली पचिशी १८९६ च्या सुमारास इंग्लंडांत ‘लूडो’ झाली. या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी खेळतों’. मोक्षपटावर सद्‌गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असत. त्याचा विलायती अवतार १८९२ च्या सुमारास निघाला. छापील पट इकडे परत आले ते ‘स्टार्ट’, ‘होम’, ‘फिनिश’ हे शब्द अंगावर घेऊन. कॅरमनें स्ट्रायकर, क्वीन, पॉकेट, फाउल हे शब्द घरांत आणले. ते कोणत्याहि क्रमिक पुस्तकानें शिकविले नाहींत, आणि कोणीहि विसरला नाहीं.

शिक्षणशास्त्रज्ञांना हें तत्त्व ठाऊक नव्हतें असें नाहीं. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत काम केलेले पी. सी. रेन यांनीं भारतीय शाळांत इंग्रजी भाषांतरावांचून, प्रत्यक्ष पद्धतीनें शिकविण्यावर पुस्तक लिहिलें होतें. परंतु घरोघर त्यांचें नांव पोंचलें तें रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणामुळें! परीक्षेला जें हवें होतें तेंच टिकलें.

सर्वच पट बोलावयास शिकवितात असेंहि नव्हे. अमेरिकेंतील आल्फ्रेड बट्स या वास्तुशिल्पज्ञानें वर्तमानपत्रांतील अक्षरांची मोजदाद करून शब्द जुळविण्याचा खेळ रचला. १९४८ सालीं त्याला ‘स्क्रॅबल’ हें नांव मिळालें. त्याच्या इंग्रजी संचांत शंभर सोंगट्या असतात. सर्वांत जास्त येणाऱ्या ‘ई’च्या बारा, किंमत एकेक गुण, दुर्मिळ ‘क्यू’ची एकच, तिला दहा गुण. त्यानें शब्दसंग्रह आणि वर्णलेखन सुधारतें, पण खेळणारे तासभर गप्प बसूं शकतात. बोलण्याकरितां लूडोच बरा. मात्र नियम हवा, कीं इंग्रजींत बोलल्याशिवाय सोंगटी हालवावयाची नाहीं. ‘इट इज माय टर्न’, ‘हाऊ मेनी?’, ‘वेल प्लेड’ हीं वाक्यें एका डावांत मुलाच्या तोंडून कितीतरी वेळां जातात, आणि त्याला कंटाळा येत नाहीं. खेळाची मर्यादाहि येथेंच आहे. दहावीस वाक्यांपलीकडे पट नेत नाहीं. पुढें पुस्तक, वाचन आणि शिक्षक हेच हवेत. पण पहिलीं दहा वाक्यें उच्चारण्याचा धीर पुस्तक देत नाहीं.

२००० सालापासून महाराष्ट्रांतील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्यामुळें जी धास्ती पूर्वी मोठ्या मुलांना वाटे, ती सहा वर्षांच्या बालकापुढें येऊन उभी राहिली. अहिराणी बोलणाऱ्या घरांत तिचा दुसरा धोका असा, कीं मूल इंग्रजी शिकतां शिकतां घरच्या बोलीची लाज धरूं लागतें. पटाला असा पंक्तिभेद माहीत नाहीं. आजीनें दान अहिराणींत मोजावें आणि नातवानें इंग्रजींत. सोंगटी दोघांचीहि तितकींच घरें चालते.