बाइट, अक्षर आणि कॅलिबर

संगणकावर ई-पुस्तके जमवणाऱ्यांना कॅलिबर ठाऊक असते. कोविद गोयल यांनी २००६ साली सोनीच्या वाचनयंत्रासाठी हा प्रोग्राम लिहायला घेतला. तो मुक्त आहे, म्हणजे त्याचा कोड कोणीही वाचावा, दुरुस्त करावा. लिहिला होता पायथन २ या भाषेत. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आली आणि तिच्यावर जुने प्रोग्राम चालेनात. हा अपघात नव्हता. भाषेचे जनक गिदो व्हॅन रॉसम आणि सहकाऱ्यांनी ही मोडतोड जाणूनबुजून केली होती.

कारण समजायला आपलीच लिपी घ्या. यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी पायथन २ ला विचारली तर साध्या मजकुरासाठी उत्तर येते १५. ती अक्षरे नव्हे, बाइट मोजते. पायथन ३ सांगते ५: म, र, काना, ठ, वेलांटी. (आपण तीन म्हणू, पण तो वाद वेगळा.) इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट पुरतो, म्हणून ही गफलत अमेरिकेतल्या प्रोग्रामरच्या टेबलावर दिसतच नसे. युनिकोडसाठी पायथन २ मध्ये वेगळा प्रकार होता, आणि दोहोंची सरमिसळ ती मुकाट्याने चालवून घेई. पुस्तकाच्या नावात देवनागरी किंवा उर्दू आली की मात्र प्रोग्राम कोसळे, तोही वाचकाच्या घरी. दोष भाषेचा, आणि शंका मात्र आपल्या लिपीवर!

पायथन ३ ने मध्ये भिंत घातली. मजकूर वेगळा, बाइट वेगळे. कोणत्या सांकेतिक पद्धतीने एकाचे दुसरे करायचे, ते स्पष्ट सांगा. आता कॅलिबरचे काम पाहा. ईपब ही मुळात झिप फाइल, तिच्या पोटात मजकूर. मोबीचा साचा आणखी जुना. शिवाय फाइलींची नावे, जोडलेली यंत्रे. पावलोपावली बाइट आणि मजकूर शेजारी. रूपांतराची स्वयंचलित साधने प्रिंटला कंस घालून देतात, पण अमुक ठिकाणी येणारी वस्तू मजकूर आहे की बाइट, हे कोड वाचणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

पायथन २ चा आधार २०१५ मध्ये थांबणार होता. २०१४ साली ती मुदत २०२० पर्यंत वाढवली. २०१७ मध्ये गोयल यांना याबद्दल विचारले गेले, तेव्हा त्यांचे म्हणणे असे की पायथन २ मी स्वतः सांभाळेन, सगळा कोड हलवण्यापेक्षा ते कमी कष्टाचे. यावर त्यांची पुष्कळ थट्टा झाली. मला ती अन्यायाची वाटते. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी दुसऱ्याची वर्षे मागणे सोपे असते. पण डेबियनसारखी लिनक्स वितरणे पायथन २ काढून टाकू लागली होती, आणि तिच्यावर बसलेला प्रोग्रामही त्याबरोबर बाहेर गेला असता.

मग स्वयंसेवकांनी एकेक भाग दुरुस्त करून पाठवायला सुरुवात केली, आणि गोयल यांनी तो स्वीकारला. काही काळ एकच कोड दोन्ही पायथनवर चालेल अशी कसरत झाली. एप्रिल २०२० मध्ये पायथन २ ची शेवटची आवृत्ती, २.७.१८, निघाली. सप्टेंबरात कॅलिबर ५ आले, पायथन ३ वर.

बाहेरच्यांनी लिहिलेली प्लगिने तेव्हाही मागे राहिली होती. प्रत्येकाचा लेखक वेगळा, त्याची सवड वेगळी. ज्यांचे काम अशा प्लगिनावाचून अडत होते, त्यांना कॅलिबर ४ वरच थांबावे लागले.