वाराचे जेवण

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात इंग्रजी शिक्षणासाठी कोकणातून व देशावरच्या खेड्यांतून पुण्यात येणाऱ्या गरीब ब्राह्मण मुलांचा मोठा आधार म्हणजे माधुकरी आणि वार. मधुकर म्हणजे भुंगा. तो जसा अनेक फुलांतून थोडा थोडा मध घेतो, तसे झोळी घेऊन काही घरी शिजवलेले अन्न मागणे ही माधुकरी. वार लावणे म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी जेवायचे ठरवणे. सात घरे मिळाली की पोटाची सोय झाली, आणि एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी उपास घडण्याची पाळी येई.

या व्यवस्थेचे मर्म तिच्या छोटेपणात आहे. परक्या मुलाचा वर्षभराचा खर्च उचलणे कारकुनाच्या किंवा शाळामास्तरांच्या संसाराला झेपणारे नव्हते, मात्र आठवड्यातून एकदा एक पान जास्त मांडणे झेपत असे. त्यामुळे दातृत्व ही केवळ धनिकांची मिरास राहिली नाही, ते बेताच्या मिळकतीच्या घरांतही नांदले. त्याचा खरा भार चुलीपुढच्या बाईवर होता. पिठाचा डबा खाली गेलेला तिलाच आधी कळे, आणि तरीही वाराचा मुलगा आला म्हणजे तीच वाढत असे. त्या काळच्या आठवणींत मायेने आग्रह करणाऱ्या गृहिणी भेटतात, तशीच जेवणापूर्वी पाणी भरून घेणारी घरेही भेटतात. दोन्ही खरे आहे, आणि सात घरची सात तऱ्हेची वागणूक सोसत शिकलेल्या मुलांच्या मनात कृतज्ञता व अपमान शेजारी शेजारीच राहिले असणार.

या औदार्याला जातीची कड मात्र होती, आणि ती विसरून या प्रथेचे गुणगान करणे अन्यायाचे ठरेल. पुण्याच्या त्या पंक्तीत बहुजनांच्या व अस्पृश्य मानलेल्या समाजांच्या मुलांना पान नव्हते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास पाठबळ दिले, ते या उणिवेवरचे मोठे उत्तर होते. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. तेथे मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले.

वसतिगृहांसाठी रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंडाची, म्हणजे घरोघरच्या मूठभर धान्याची, पद्धत रुजवली. वाराचा छोटेपणा तिच्यात टिकला, फक्त कोणाच्या पंक्तीला कोण बसणार हा प्रश्न उरला नाही. गृहिणीने रोजच्या दळणातून काढून ठेवलेली ज्वारी-बाजरीची मूठ ज्या मुलाच्या भाकरीत जाई, त्याची जात तिला ठाऊक नसे.