फराळाचं वजन

वसुबारस जवळ आली की दर वर्षी एकच विषय सगळीकडून अंगावर येतो, दिवाळीत वजन कसं आटोक्यात ठेवावं. लाडू अर्धाच खा, करंजी तळू नका, बेक करा, शंकरपाळे ओट्सचे करा. (ओट्सच्या शंकरपाळ्यांबद्दलचं माझं मत इथे लिहीत नाही, माझ्या नणंदा हा ब्लॉग वाचतात.) यंदा मला प्रश्न पडला की ही काळजी आपल्या घरात शिरली कधी? माझ्या आजीला दिवाळीत वजनाची चिंता होती का?

आधी शब्दाचीच गंमत बघा. 'फराळ' म्हणजे मूळचा 'फलाहार'. उपासाला जे हलकं खायचं ते. एकादशीलाही आपण फराळच करतो आणि चकल्या-कडबोळ्यांच्या डब्यांनाही फराळच म्हणतो. म्हणजे कमी खाण्याचा आणि भरपूर खाण्याचा शब्द एकच! एकादशीचा साबुदाणा आठवला तर हा फरक आपण व्यवहारात कधीच मिटवून टाकलाय म्हणा.

दिवाळीच्या आसपास आणखी एक मेसेज फिरतो, की थंडीत अग्नी प्रदीप्त असतो म्हणून आपल्या पूर्वजांनी तुपातेलाचा फराळ ठरवला. ऐकायला छान आहे. पण अष्टांगहृदयातली ऋतुचर्या काढून बघितली तर आश्विन-कार्तिक हा शरद ऋतू. अग्नी प्रबळ असतो तो त्यापुढच्या हेमंतात. शरदात वाग्भट हलकं खायला सांगतो, आणि पोट तुडुंब भरणं, दही, तेल, वसा हे सगळं टाळायला सांगतो. थोडक्यात, चकलीला वाग्भटाची परवानगी नाही. आपण आपल्या जबाबदारीवर खायची.

मग एवढं गोडधोड आणि तळण दिवाळीलाच का? मला वाटतं कारण साधं आहे. खरिपाचं पीक घरात आलेलं असायचं. कोकणात नि गोव्यात नवीन भाताचे पोहे हीच दिवाळी. गूळपोहे, दूधपोहे, ताकातले पोहे. वर्षभर जे मिळत नाही ते चार दिवस मिळायचं, आणि पाचव्या दिवशी पुन्हा भाकरी.

आमच्या घरी आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. मी त्या अधूनमधून चाळते. १९६४ च्या दिवाळीच्या पानावर साखर तीन किलो आहे. त्यातली दोन रेशनची आणि एक 'बाहेरून'. (आजोबांनी काळाबाजार हा शब्द वहीत कधीच लिहिला नाही!) शिवाय गूळ आणि डालडा. घरात माणसं अकरा. भागाकार केला तर माणशी पाव किलोच्या जरा वर साखर, आणि तीही सगळी दिवाळी मिळून, आल्यागेल्यासकट.

आता गंमत अशी, की महाराष्ट्रात साखर कमी होती असं नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ मध्येच सुरू झाला होता, मागोमाग आणखी उभे राहत होते. पण १९६३ साली सरकारने साखरेवर पुन्हा नियंत्रण आणलं आणि ऊस पिकवणाऱ्या मुलखातली माणसंही पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायचं आवाहन केलं. आमच्या आजोबांनी सोमवारची रात्र धरली ती शेवटपर्यंत. वजनासाठी उपास करणं त्यांना समजलंही नसतं.

आणि १९७२. त्या दुष्काळाबद्दल आत्यांकडून जे ऐकलंय ते लाल मिलोच्या भाकऱ्यांचं आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीचं. त्या वर्षीच्या दिवाळीचं वहीतलं पान चार ओळींचं आहे. तेल, गूळ, पोहे, पणत्या. बस.

डालड्याबद्दल थोडं लिहायलाच हवं. १९३७ साली बाजारात आला आणि तुपाला हात न पोचणाऱ्या मध्यमवर्गाच्या फराळात जाऊन बसला. खुसखुशीत करंजी, पदर सुटलेले चिरोटे हे सगळं आमच्या पिढीला 'आईच्या हातचं' वाटतं, त्यात बराचसा हात त्या ताडाच्या झाडाच्या डब्याचा होता. डबा रिकामा झाला की त्यात तुळस. वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट हृदयाला घातक, हे कळायला आणि त्यावर बंधन यायला मात्र फार वर्षं गेली. दोन टक्क्यांची मर्यादा लागू झाली ती २०२२ मध्ये.

पण मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती मेहनत. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, उपसून सावलीत पसरायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात कालवून ठेवायचे. भाजणी भाजायची आणि दळायची, गिरणी येण्यापूर्वी जात्यावर. चकलीचा सोऱ्या दाबताना दंड भरून यायचे. हे सगळं बायका करायच्या, आणि खायला बसायच्या शेवटी. आजी तळणाच्या वासानेच पोट भरलं म्हणायची. आम्ही ते खरं मानायचो.

आता? १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, तळण स्वस्त झालं. साखर कधीच हवी तेवढी मिळायला लागली. फराळ वर्षभर दुकानात मिळतो, चकली तर चहाबरोबर रोजची झाली. गेल्या दिवाळीत आम्हा चौघांच्या घरी निरनिराळ्या ठिकाणांहून फराळाचे अकरा डबे आले. अकरा माणसांना तीन किलो साखर आणि चार माणसांना अकरा डबे... मध्ये जेमतेम साठ वर्षं. शरीराला हे कळवलं कोणी?

इथे आजीकडे परत येते. माझी आजी कधीच जाड नव्हती. मनगटं काडीसारखी, वजन चाळीसच्या आत. तरी पन्नाशीतच तिला मधुमेह निघाला. शेजारपाजारचे म्हणायचे, गोड फार खाल्लं असेल. हे ऐकून मला लहानपणी फार राग यायचा, कारण लाडूच्या डब्याची किल्ली तिच्याकडे असूनही ती लाडू खात नाही हे मी रोज बघत होते.

खूप वर्षांनी पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल वाचलं तेव्हा काहीतरी जुळलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी यडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास त्यांनी १९९३ मध्ये सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेरानं लहान, पण चरबी त्या मानाने राखलेली. आईच्या पोटातली उपासमार बाळाच्या शरीरात राहते आणि पुढे सुबत्ता आली की ते शरीर गडबडतं, असा त्यांचा एकूण मुद्दा. माझी आजी बहुतेक त्याच गावांतल्या बायकांसारख्या एका आईची लेक होती. गोड खाल्लं असेल म्हणे!

वजनकाट्याचं म्हणाल तर अमेरिकेत २००० साली याच सणासुदीच्या वजनावरचा एक नावाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या काळात १९५ माणसांची वजनं घेतली. लोकांना वाटत होतं आपण खूप वाढलो. प्रत्यक्षात सरासरी वाढ ०.३७ किलो. हिशेब केला तर नेहमीच्या जेवणावर साधारण पंधरा-सोळा बेसनाचे लाडू. हसू येतं ना? पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. हे वाढलेलं नंतरच्या महिन्यांत उतरलं नाही. दर वर्षी थोडं थोडं साठत जातं आणि चाळिशीत आपण विचारतो, कधी झालं हे?

आपल्याकडे गणपती, दसरा, दिवाळी, लग्नसराई अशी ओळच आहे. पूर्वी त्यामध्ये चातुर्मासाची एकभुक्तं आणि उपास असायचे. मग दीक्षितांच्या पंचावन्न मिनिटांत दोनदा जेवायच्या पद्धतीने घराघरात भांडणं लावली, त्यांनी ती कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांकडून घेतली होती. आमच्याकडे दिराने दिवाळीतच सुरू केली होती, ती भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटासमोर मोडली. असो.

एक मात्र विसरायला नको. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने रेशनवर शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. म्हणजे ज्यांच्याकडे आजोबांच्या वहीतलं १९६४ चं पान अजून चालूच आहे अशी घरं भरपूर आहेत. वजन आटोक्यात ठेवायचे लेख त्यांच्यासाठी नसतात.

यंदा मी वहीतली मापं घेतलीत. साखर तीन नाही, एक किलो, आम्ही चौघंच आहोत. अनारशाचे तांदूळ आज भिजत घातले. मुलाला पाणी बदलायचं काम दिलंय आणि तो वैतागलाय. डबे पहिल्या दिवशी सकाळी उघडायचे, भाऊबीजेला धुऊन फळीवर.

आणि आत्या, तू हे वाचशीलच. चिवड्याचा डबा या वेळी छोटा पाठव. पण पाठव.