बोंडअळीचा सल्ला मोबाईलवर येतो कुठून, अन् फवारणी ठरवायची कशी?

कपाशीला पात्या लागल्या की कास्तकाराच्या मोबाईलवर सल्ल्यांची रांग लागते. कृषी विभागाचा मेसेज, व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली पीडीएफ, यूट्यूबवरचा कुणीतरी 'तज्ज्ञ' आणि वरून कृषी केंद्रवाल्याचा फोन. यातलं संशोधनातून आलेलं कोणतं आणि माल खपवायला आलेलं कोणतं, हे ओळखता आलं तर एक-दोन फवारण्यांचा खर्च वाचतो. कधी कधी जीवही वाचतो. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच साली गुलाबी बोंडअळीने राज्यातली कपाशी पोखरून काढली होती.

बीटी कपाशी देशात 2002 साली आली, दोन जनुकांची बीजी-2 2006 साली. बोंडअळीची फवारणी संपली असं सगळ्यांना वाटलं. पण गुलाबी अळी कपाशी सोडून सहसा दुसऱ्या पिकावर जात नाही आणि फरदडीमुळे तिला मार्च-एप्रिलपर्यंत खायला मिळत गेलं. पिढ्यांमागून पिढ्या बीटीवरच वाढल्याने तिच्यात बीटीचं विष पचवायची ताकद आली. आता ही अळी आहे असं धरूनच चालावं लागतं. फक्त किती आहे, ते बघायचं.

सल्ला तयार कसा होतो

2008 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीने (स्पोडोप्टेरा) मोठं नुकसान केलं. कीड आली हे सरकारला कळेपर्यंत पानांची चाळणी झाली होती. त्यानंतर 2009-10 पासून राज्यात 'क्रॉपसॅप' म्हणजे पीक कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या गावांतल्या ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे ऑनलाइन भरायचे, कृषी विद्यापीठ आणि केंद्रीय संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी ते पाहायचे आणि सल्ला परत शेतकऱ्याच्या मोबाईलवर पाठवायचा, अशी ही साखळी आहे. कपाशीसाठी विदर्भात अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना 1969) आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था (1976) हे दोन मुख्य आधार. मराठवाड्यासाठी परभणीचं विद्यापीठ.

साखळी चांगली आहे. अडचण एवढीच की आकडा ज्या शेतातून आला ते शेत तुमचं नसतं. तुमच्या गावात पाहणीचं शेत नसेल तर शेजारच्या गावावरून अंदाज निघतो. पेरणी दहा दिवस मागेपुढे असली तरी अळीचा हिशेब बदलतो. म्हणून मेसेज हा इशारा समजावा. पंप उचलायचा की नाही, ते आपल्या धुऱ्याच्या आत बघून ठरवायचं.

आपल्या शेताची मोजणी

पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावावेत. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट वर असावा आणि पीक वाढेल तसा वर सरकवावा. दुकानात लूर घेताना 'गुलाबी बोंडअळीची' असं स्पष्ट सांगून घ्या. तिच्या लूरला गॉसिप्लूर म्हणतात. अमेरिकन (हिरव्या) बोंडअळीची लूर वेगळी असते. ती लावली तर गुलाबीचा एकही पतंग येणार नाही आणि शेत स्वच्छ आहे असा गैरसमज होईल. लूर कायम चालत नाही, पाकिटावरच्या मुदतीत बदलावी लागते.

रोज सकाळी पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं शास्त्रज्ञ धरतात.

फुलांवर असताना डोमकळ्या बघाव्यात. पाकळ्या आतून गुंडाळून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं की आत अळी आहे. ती तोडून नष्ट करायची, धुऱ्यावर फेकायची नाही. बोंडं लागल्यावर शेतातून तिरपं चालत वीस झाडांची प्रत्येकी एक, अशी वीस हिरवी बोंडं तोडून फोडावीत. बाहेरून बोंड एकदम ठणठणीत दिसतं, म्हणून फोडल्याशिवाय कळत नाही. वीसपैकी दोनमध्ये अळी किंवा पोखरण दिसली तर दहा टक्के झाले, आता उपाय करायला हवा. एकच सापडलं तर चार-पाच दिवसांनी पुन्हा वीस फोडा. याला अर्धा तास लागतो. मजूर लावून एकरभर फवारायचा खर्च प्रत्येकाला माहीत आहे.

सुरुवातीच्या अवस्थेत पाच टक्के निंबोळी अर्क चालतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं हंगामात लवकर मारली तर पांढरी माशी उसळते. 'एकदम कडक' म्हणून तेच पुढे केलं जातं, तेव्हा गट कोणता ते आधी विचारावं.

वारणेत काय झालं होतं

गावात संगणक नेण्याचा प्रयोग आपल्या राज्याला नवा नाही. कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांत वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीच्या 70 गावांत 1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगाव संगणक केंद्रं उघडली. पिकांची माहिती, बाजारभाव, सरकारी योजना सगळं मिळेल असा बेत होता. काही वर्षांनी पाहिलं तर लोक तिथे मुख्यतः उसाचं वजन किती भरलं आणि तोडणीचा परवाना निघाला का, हे बघायला येत होते. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर एसएमएसने तीच माहिती देऊन बघितली आणि काम भागलं.

यात शेतकऱ्याचं काही चुकलं नव्हतं. स्वतःच्या उसाचा आकडा त्याच्या उपयोगाचा होता, सगळ्यांसाठी लिहिलेला लेख तेवढा नव्हता. आजच्या ॲपनाही हेच लागू आहे. आपली पेरणीची तारीख, आपलं वाण, आपल्या सापळ्याचा आकडा घालून विचारलं तरच उत्तर कामाचं येतं.

फुकट मिळणाऱ्या सोयी

किसान कॉल सेंटर 2004 पासून चालू आहे. नंबर 1800-180-1551, वेळ सकाळी 6 ते रात्री 10, मराठीत बोलता येतं. फोन लावण्याआधी लागवडीची तारीख, आधीच्या फवारण्या आणि मोजणी कागदावर लिहून ठेवा. 'कपाशीवर काय मारू' एवढंच विचारलं तर उत्तरही तेवढंच मोघम येणार.

'मेघदूत' ॲपवर हवामान खात्याचा अंदाज आणि दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला असतो. पुढच्या दिवसांत पाऊस दाखवत असेल तर फवारणी थांबवावी, औषध धुऊन जातं. हा सल्ला जिल्ह्यापुरता असतो. तालुक्यापर्यंतचा सल्ला देणारी जिल्हा केंद्रं काही कृषी विज्ञान केंद्रांत होती, ती 2024 मध्ये बंद केली गेली. हा निर्णय ग्रामीण भागाच्या फायद्याचा म्हणता येणार नाही. 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळाच्या पातळीवर पाऊस मोजतात, पण मंडळात पडला म्हणजे आपल्या वावरात पडलाच असं नाही. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' ॲप आहे, 20 आणि 40 किलोमीटरच्या आतली वीज ते दाखवतं. कृषी विभागाच्या 'महाविस्तार' ॲपवर मराठीत प्रश्न विचारता येतो, मात्र औषधाचं प्रमाण तिथून घेतलं तरी डब्याच्या लेबलाशी ताडून पाहावं.

फवारताना

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. तीन-चार औषधं एकत्र कालवू नका. वाऱ्याच्या दिशेने चाला, वाऱ्याच्या तोंडावर नाही. डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत फवारा अंगावरच येतो, तिथे जास्त जपावं. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. मजुरालाही ते देणं मालकाचं काम आहे. उपाशीपोटी फवारणी नको, मध्ये तंबाखू-बिडी नको.

मळमळ, डोळ्यांची आग, घाम, अंधारी यांतलं काही जाणवलं तर पंप तिथेच ठेवून सावलीत यावं, कपडे काढून अंग साबणाने धुवावं आणि लगेच दवाखाना गाठावा, 108 ला फोन करावा. जाताना औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलाचा मोबाईलवर काढलेला फोटो सोबत न्यावा. कोणतं विष अंगात गेलं, ते कळल्यावरच डॉक्टरांना नेमका उतारा देता येतो.