तमिळनाडूत सामाजिक शास्त्र : दहावीपर्यंत समान, पुढे गटानुसार

चेन्नई : तमिळनाडू राज्य मंडळाच्या शाळांत नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांना इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र हे ‘सामाजिक शास्त्र’ या एकाच विषयात शिकविले जाते. दहावीला त्याची १०० गुणांची एक प्रश्नपत्रिका असते.

पूर्वी राज्य मंडळ, मॅट्रिक्युलेशन, अँग्लो-इंडियन व प्राच्य या चार प्रकारच्या शाळांचे अभ्यासक्रम वेगवेगळे होते. ही विषमता दूर करण्यासाठी २०१० मध्ये समान शालेय शिक्षण कायदा झाला. सत्तांतरानंतर नव्या सरकारने त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. मात्र सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी ती त्याच शैक्षणिक वर्षात करण्याचा आदेश दिला.

अकरावीपासून इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि भूगोल हे स्वतंत्र विषय होतात व निवडलेल्या गटानुसार शिकता येतात. अकरावीच्या इतिहासात मराठ्यांवरही प्रकरण आहे. विज्ञान गट घेणाऱ्यांचे नागरिकशास्त्राचे शालेय शिक्षण मात्र साधारण पंधराव्या वर्षी संपते. त्यामुळे मतदानाचा हक्क मिळण्यापूर्वी राज्यघटनेची ओळख करून देणारे दहावीचे पुस्तक अनेकांसाठी शाळेतील अखेरचे ठरते.